ड्रायव्हरचं काही राहिलंय का?

माझं शिलाईचं दुकान झरी गावात रस्त्याला लागून आहे, त्यामुळे बघायच्या नसलेल्या गोष्टीही मला दिसतात. महारुद्र मला दिसायचा तो ट्रकसकट. परभणीच्या व्यंकटरावांच्या आठ गाड्या, त्यातली एक तो पगारावर चालवायचा. जाताना कापसाच्या गठाणी घेऊन गुजरात, येताना फरशी. महिन्याला ठरलेला पगार, फेरीचा भत्ता वेगळा. टायर फुटला तर तो व्यंकटरावांचा फुटायचा. महारुद्र फक्त फोन लावायचा आणि गाडीच्या सावलीत जाऊन आडवा व्हायचा.

असं सगळं बरं चाललं असताना त्याला एक गोष्ट खुपायला लागली. देवगाव फाट्यावरच्या हॉटेलात त्याला कुणीही "ए ड्रायव्हर, गाडी मागं घे" म्हणायचं. आणि त्याच हॉटेलात एक खिळखिळी गाडी असलेला बाप्या आला की "या मालक, बसा मालक". महारुद्र मला म्हणाला, "काका, त्याच्या गाडीला नीट हॉर्न बी न्हाई. तरी मालक." मी म्हणालो, "मग तू हो की." माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी बायको सांगतेच.

पण व्यंकटराव माणूस धोरणी. गेल्या दसऱ्याला त्यांनीच विषय काढला. महारुद्र चालवतो ती गाडी वर्षभर त्यानं करारानं घ्यायची. महिन्याला ठरलेली रक्कम व्यंकटरावांना पोचवायची. डिझेल, टोल, टायर, दुरुस्ती सगळं महारुद्रचं, आणि उरेल तेही महारुद्रचं. पुढच्या दसऱ्याला एकच उत्तर द्यायचं. जमलं असेल तर गाडी नावावर करून बँकेचे हप्ते भरायचे, नसेल तर चावी देऊन पुन्हा पगारावर यायचं. जागा तोवर राखून ठेवतो, म्हणाले.

महारुद्रनं गावात पेढे वाटले. गाडीच्या पाठीवर मुलीचं नाव रंगवून घेतलं, 'भक्ती', त्याला दोन्हीकडून कमळं. बायकोनं, राजेश्रीनं, फळीवरचा बिस्किटांचा मोठा डबा धुऊन पुसून कोरडा केला. गाडीचं जे उरेल ते त्या डब्यात.

तिथून पुढं त्या माणसाच्या डोक्याचा जो भुगा झाला, तो मी रोज बघितला. दिवाळीच्या सुमारास डबा भरला, तेव्हा तो दुकानात येऊन माझ्या गिऱ्हाइकांनाही चहा पाजून गेला. संक्रांतीनंतर दोन टायर बदलले आणि डबा पालथा पडला. चैत्रात पुन्हा बरं. पावसाळ्यात भाडंच मिळेना, तर गाडी दारात उभी आणि व्यंकटरावांची रक्कम मात्र चालू. शिवाय फाट्यावर मालक झाल्याचा भुर्दंड वेगळाच. ड्रायव्हर होता तेव्हा हॉटेलवाला चहाचे पैसे घेत नसे. आता "मालक" म्हणून खुर्ची द्यायचा आणि टेबलावरच्या सगळ्यांचं बिल याच्यासमोर ठेवायचा. हा मुकाट भरायचा.

"काका," एकदा माझ्या बाकड्यावर बसून तो म्हणाला, "पगारात भागतं, पण उरत न्हाई. गाडीत उरतं, पण भागत न्हाई. आता ह्याला काय म्हनावं?"

मला काय कळतंय? तरी सल्ला दिला. सोमवारी म्हणालो, घे नावावर, किती दिवस लोकांची गाडी हाकणार. गुरुवारी गाडी दारात बघून म्हणालो, देऊन टाक चावी, झोप तरी लागेल. तो दोन्ही वेळा "बरोबर हाय" म्हणाला, आणि मला त्याचा राग आला. माणसानं एकदा तरी माझं खोडून काढावं. घरी जाताना मी माझ्याच मशीनकडं बघितलं. ते माझं स्वतःचं आहे. त्यावर बसणाऱ्याला आजवर पगार कुणी दिला, असा विचार मनात आला आणि मी घाईघाईनं शटर ओढलं.

व्यंकटरावांच्या वाड्यावर दसऱ्याची एक रीत आहे, ती इथं सांगायला हवी. गाड्या धुऊन ओळीनं लावतात, झेंडूच्या माळा घालतात. मालक प्रत्येक ड्रायव्हरला नवा शर्ट-पँट देतो, वर्षात कुणाचा पगार अडकला असेल तर तिथंच गाडीपुढं चुकता करतो, आणि नारळ हातात घेऊन विचारतो, "ड्रायव्हरचं काही राहिलंय का?" ड्रायव्हरनं "काही न्हाई मालक" म्हटल्याशिवाय नारळ फुटत नाही. ड्रायव्हरचं राहिलेलं घेऊन गाडी रस्त्याला लागली तर धड पोचत नाही, असं ते लोक मानतात.

ते कपडे मीच शिवतो. दरवर्षी आठ कापडं येतात, यंदा सातच आली. महारुद्र आता करारवाला, त्याला कसलं कापड. मला वाईट वाटलं. दोन दिवसांनी राजेश्री आली आणि माझ्यापुढं आठवं कापड ठेवलं, खाकी पँटचं आणि आकाशी शर्टाचं.

"आमच्या ड्रायव्हरचं हाय," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आत द्या."

मी चकित झालो. इथं डब्यात धड उरत नाही, आणि यांनी ड्रायव्हर ठेवला?

"माप घ्यायला पाठव त्याला."

"माप तुमच्याकडं हाय की. धा वर्सं तुमीच शिवायलाव." तिनं अगदी गंभीरपणे सांगितलं, "गाडीची पूजा करायची तर ड्रायव्हरला मान द्यावा लागतो, काका. मालक कुनी बी असू द्या."

चेष्टा नव्हती ती. गाडी तीच, दसरा तोच, मग रीत कशी मोडायची, एवढंच तिच्या डोक्यात होतं. महारुद्रचं मात्र अजून ठरलेलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी येऊन मलाच विचारत होता, "काका, उद्या व्यंकटरावला काय सांगू?" यावेळी मी तोंड उघडलं नाही.

दसऱ्याला सकाळी मी कपडे पोचवायला गेलो. दारात गाडी धुतलेली, माळ घातलेली. महारुद्र आत जाऊन नवे कपडे घालून आला आणि गाडीपुढं उभा राहिला. आता पुढं काय, ते त्यालाही कळेना, मलाही कळेना. मालकानं उभं राहायचं ती जागा मोकळी होती. शेवटी राजेश्रीच तिथं जाऊन उभी राहिली. त्याला कुंकू लावलं, गाडीला लावलं, नारळ उचलला आणि दहा वर्षं ऐकून पाठ झालेलं वाक्य म्हणाली.

"ड्रायव्हरचं काही राहिलंय का?"

महारुद्रनं सवयीनं तोंड उघडलं आणि तसाच थांबला. गाडीकडं बघितलं, बायकोकडं बघितलं. भक्ती हातात आपट्याची पानं घेऊन उंबऱ्यात वाट बघत होती. मला वाटलं, विसरला हा.

"राहिलंय," तो म्हणाला.

"काय?"

"पगार. वर्सभराचा."

राजेश्रीनं नारळ खाली ठेवला. आत गेली, डबा घेऊन आली आणि होतं नव्हतं ते सगळं त्याच्या ओंजळीत ओतलं. नोटा मोजायची गरज पडली नाही. व्यंकटराव चार महिन्यांत जेवढं द्यायचे, तेवढंही ते नव्हतं. वर्षभर आम्ही सगळे डब्यात किती उरलं तेवढंच बघत होतो. गाडीवर बसणारा माणूस कुणाच्याच हिशेबात नव्हता, त्याच्या स्वतःच्याही नाही.

महारुद्रनं ते पैसे भक्तीच्या ओच्यात टाकले आणि राजेश्रीपुढं हात जोडले.

"मालकीनबाई, मी काम सोडायलोय. तुमच्यात परवडत न्हाई."

राजेश्री हसली आणि हसता हसताच तिनं पदर डोळ्याला लावला. "जावा. पर मागचा पगार तेवढा राहिला तुमचा."

"बुडाला," महारुद्र म्हणाला. "आमचा मालक लय गरीब होता. चांगला होता, पर गरीब होता." आणि मग हलक्या आवाजात, "काही राहिलं न्हाई. फोडा नारळ."

तिनं नारळ फोडला. तो चावी परत द्यायला परभणीकडं निघाला. गाडी दारातून मागं घेताना राजेश्री तिच्यामागं उभी राहून, येऊ द्या, येऊ द्या, असं हातानं सांगत होती, आणि पाठीवरचं 'भक्ती' तिच्या अगदी जवळ आलं तरी ती बाजूला झाली नाही.