त्रेचाळीस समाधानी

गाबाके केनोसींच्या हातचा फॉर्म कधी परत येत नसे. शोशोंग गावच्या कौन्सिल कचेरीत ते एकतीस वर्षं कारकून होते, आणि त्यातली बावीस वर्षं सरकारी नोकरांच्या आरोग्यविम्याचं टेबल त्यांच्याकडे होतं. कुणाचं लग्न झालं, मूल झालं, कुणी वारलं, की माणसं आधी चर्चमध्ये जात आणि मग केनोसींकडे. राजधानीतून फॉर्म परत आला की त्यांना चारचौघांत कुणी कानाखाली वाजवल्यासारखं वाटे. तो का परत येतो हेही त्यांना अनुभवाने कळलं होतं. फॉर्मवर ‘अडचण’, ‘तक्रार’, ‘नाही’ असं काही दिसलं की त्यावर ‘खुलासा जोडा’ असा शिक्का बसे. खुलासा जोडून पुन्हा पाठवायचा म्हणजे दोन महिने गेलेच. म्हणून त्यांनी एक पद्धत ठरवून टाकली होती. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, मान डोलवायची आणि फॉर्म असा भरायचा की वाचणाऱ्याला काही विचारावंसंच वाटू नये. या पद्धतीने शेकडो लोकांची कामं झाली. लोक रस्त्यात थांबून, डावा हात उजव्या कोपराला लावून, अदबीने त्यांचा हात हातात घेत.

निवृत्त झाल्यावर गावातल्या निवृत्त नोकरांच्या मंडळाने त्यांना अध्यक्ष केलं. दुसरं कुणाचं नाव पुढे आलंच नाही.

विमा योजनेकडून दरवर्षी एक फॉर्म येई. तुम्ही आमच्या सेवेवर समाधानी आहात का, असे अठरा प्रश्न. प्रत्येकासमोर पाच चौकोन. पहिला ‘अगदी असमाधानी’, पाचवा ‘पूर्ण समाधानी’. सगळं इंग्रजीत. शाळेत स्वयंपाक केलेल्या बायका, कौन्सिलचे ड्रायव्हर, पहारेकरी, दवाखान्यात फरशी पुसलेले लोक, सगळे आपापला फॉर्म घेऊन केनोसींच्या अंगणात मोरुलाच्या झाडाखाली येत. बोलत बसत, चहा पीत, सही करत आणि जात.

गेल्या वर्षी म्मा तुमेलो आल्या होत्या. गावात बाईला आदराने म्मा म्हणत आणि पुरुषाला रा. प्राथमिक शाळेच्या चुलीपुढे त्यांनी सव्वीस वर्षं काढलेली. काचबिंदूने डावा डोळा गेला होता; उजवा महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येणाऱ्या योजनेच्या गाडीवर तगून होता. गाडीत डोळ्यांचा डॉक्टर असे. तो डोळ्यातला दाब मोजायचा, थेंब बदलून द्यायचा.

“रा केनोसी, त्यात नीट लिहा बरं,” म्मा तुमेलो म्हणाल्या. “मध्ये दोन महिने गाडी आली नाही. तेव्हा मला फ्रान्सिसटाउनला जावं लागलं. दोन बस बदलायच्या. एका बाईने हात धरून मला चढवलं ते चुकीच्या बसमध्ये. त्यांना म्हणावं, गाडी चुकवू नका.”

“लिहितो, म्मा.”

“लिहिलंत?”

“लिहिलं.”

केनोसींनी ‘उपचारासाठी करावा लागणारा प्रवास’ या प्रश्नासमोर पाचव्या चौकोनात बरोबरची खूण केली. त्यांच्या खुणेला शेवटी वर वळलेली बारीक शेपटी असे. त्या दिवशी त्यांनी अकरा फॉर्म भरले. सगळे एकसारखे, एकही खाडाखोड नाही. संध्याकाळी गठ्ठा बांधताना त्यांना खरोखरच समाधान वाटलं.

यंदा जुलैत योजनेची बाई गावात आली. गोराता तिचं नाव, वय तिशीच्या आत. सभा खोतलात, म्हणजे गावाच्या चावडीत, भरली. लाकडी ओंडक्यांच्या अर्धगोल कुंपणाआड लोक आपापल्या खुर्च्या घेऊन आले. पुरुषांनी टोप्या काढल्या, बायकांनी खांद्यांवर शाली ओढल्या. गावप्रमुख मधोमध बसले. गोराता उभी राहिली आणि तिने सांगितलं की डोळ्यांची गाडी या महिन्यापासून शोशोंगला येणार नाही.

मग मोत्सुमी उठला. तो कौन्सिलचा जुना ड्रायव्हर आणि केनोसींचा चाळीस वर्षांचा मित्र. “का येणार नाही, पोरी? गाडीला आमची वाट आवडेना का?”

“गाड्या कमी आहेत, रा. जिथे लोकांना प्रवासाचा त्रास होतो तिथे आधी पाठवतो.” तिने कागद वर धरला. “शोशोंगमधून त्रेचाळीस फॉर्म आले. प्रवासाबद्दल पूर्ण समाधानी, त्रेचाळीस.”

“आमच्यातले चौघं अंगणातून फाटकापर्यंत जाताना दोनदा बसतात,” मोत्सुमी म्हणाला. “त्यांना फ्रान्सिसटाउन जवळ वाटतं?”

लोक हसले. मात्र ते हसणं लवकरच रागात बदललं. मागून एक म्हातारी म्हणाली, “हे कागद तिकडे बसून यांनीच रंगवले असतील.” दुसरा म्हणाला, “पगार त्याचाच मिळतो त्यांना.” तिसऱ्याने विचारलं, “तुझी आजी कुठल्या गावची गं? तिचाही डोळा बंद करून आलीस का?” गोराताने उत्तर देण्यासाठी दोनदा तोंड उघडलं, पण खोतलात दुसऱ्याचं बोलणं तोडायचं नसतं, म्हणून ती थांबली. एकेक जण उठत होता आणि तिला सुनावत होता. म्मा तुमेलो पहिल्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून, आवाज येईल तिकडे मान वळवत होत्या.

“अध्यक्षांनी बोलावं,” गावप्रमुख म्हणाले.

केनोसी उभे राहिले. खरं काय ते त्यांना पुरतं माहीत होतं, पण समोर त्रेचाळीस माणसं होती आणि त्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्यांचा हात अदबीने हातात घेतला होता.

“कुठेतरी चूक झालेली दिसते,” ते म्हणाले. “योजनेने आपल्या कचेरीत चौकशी करावी.”

“बरोबर बोललात, रा केनोसी,” लोक म्हणाले. ते खाली बसले.

गोराताने पिशवीतून फॉर्मचा गठ्ठा काढला. वरचा फॉर्म पाहिला, मग खालचा, मग आणखी चार. नंतर सभेच्या परवानगीचं पत्र काढलं. त्यावर अध्यक्षांच्या अक्षरात तारीख होती, आणि ‘मिळाले’ या शब्दापुढे तीच शेपटीवाली खूण. तिने मान वर करून केनोसींकडे पाहिलं. केनोसींनी जमिनीकडे पाहिलं.

ती आता बोलणार, असं त्यांना वाटलं. बोलली असती तर कदाचित त्यांनी वाद घातला असता. पण वडीलधाऱ्याला भर खोतलात खोटं पाडायचं कसं? पोरीने गठ्ठा परत पिशवीत घातला आणि हात जोडून खाली वाकली.

“चूक आमच्याकडून झाली असेल,” ती म्हणाली. “मी माफी मागते.”

“आता कशी वठणीवर आली,” मागची म्हातारी म्हणाली.

केनोसी पुन्हा उठले. कुणी बोलावलं नव्हतं.

“तिने काही केलेलं नाही,” ते म्हणाले. “फॉर्म मी भरलेत. सगळेच. तुम्ही जे सांगितलंत ते मी लिहिलं नाही. पाचव्या चौकोनात खुणा केल्या. फॉर्म परत येऊ नयेत म्हणून.”

कुंपणापलीकडे शेळ्या पाला ओढत होत्या.

“माझा पण?” म्मा तुमेलोंनी विचारलं.

“हो, म्मा.”

“मी विचारलं होतं, लिहिलंत का. तुम्ही लिहिलं म्हणालात.”

“म्हणालो.”

त्यांनी मान पुन्हा समोर वळवली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर केनोसींना बरं वाटलं असतं. मोत्सुमीने खुर्ची जराशी पलीकडे सरकवली. ऊन आलं म्हणून असेल.

गावप्रमुखांनी विचारलं, आता काय करता येईल. गोराता म्हणाली, गाड्या कुठे जाणार त्याची यादी वर गेली आहे, मार्चपर्यंत ती बदलणार नाही. आज पुन्हा उत्तरं दिलीत तर मी स्वतः नेऊन देईन. मात्र पुढे काय होईल ते सांगू शकत नाही. तिने कोरे फॉर्म काढले. सवयीने केनोसींचा हात खिशातल्या पेनकडे गेला.

“तू नको,” मोत्सुमी म्हणाला.

तेव्हा गोराता प्रश्न त्सवाना भाषेत सांगू लागली आणि एकेक जण तिच्यापुढे बसू लागला. केनोसी बाजूला उभे होते. जावं तर पळून गेल्यासारखं दिसेल, थांबावं तर ऐकावं लागेल. त्यांनी ऐकलं. मागच्या म्हातारीला सहा महिने कमी ताकदीच्या गोळ्या मिळत होत्या. एका पहारेकऱ्याने दाताचं दुखणं सोसवेना म्हणून स्वतःच पक्कड लावली होती. मोत्सुमीने आवाज खाली आणून लघवी आवरत नसल्याचं सांगितलं. वर्षभर तो रविवारी चर्चला का येत नव्हता ते केनोसींना तेव्हा कळलं. बाराव्या प्रश्नात अशाच दुखण्यांवरच्या उपचाराबद्दल विचारलेलं होतं. मोत्सुमीच्या फॉर्मवर बाराव्या प्रश्नासमोर त्यांनी खूण केली होती, ती त्याच्याशी फुटबॉलवर बोलता बोलता.

म्मा तुमेलो शेवटी बसल्या. “लिही,” त्या म्हणाल्या, “समोर बघितलं तर तुझं नाक दिसतं. कान दिसत नाहीत. मागच्या महिन्यात दिसत होते.”

सभा संपली तेव्हा रिवाजाप्रमाणे गावप्रमुखांनी “पुला” म्हटलं, पाऊस पडो म्हणून. लोकांनी उत्तर दिलं, पण पुटपुटत.

पुढच्या गुरुवारी सकाळी सहाला ते बसथांब्यावर गेले. रात्रीच त्यांनी ठरवलं होतं: म्मा तुमेलोंची पिशवी धरायची, फ्रान्सिसटाउनला दवाखान्यापर्यंत न्यायचं, परत आणायचं. म्मा तुमेलो सुनेसोबत बाकावर बसल्या होत्या. पावलांवरून त्यांनी ओळखलं.

“रा केनोसी.”

“म्मा, मी येतो बरोबर. तिथली नोंदणीची खिडकी मला माहीत आहे. फॉर्म…” ते मध्येच थांबले.

“सून आहे,” म्मा तुमेलो म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “परत जा. तुम्ही आलात तर दिवसभर मला तुमच्याशी बरं बोलावं लागेल. आज तेवढी ताकद नाही.”

बस आली. सुनेने त्यांना दंडाला धरून चढवलं, खिडकीशी बसवलं. खिडकी केनोसींच्याच बाजूला होती, पण ते उभे होते तिथवर म्मा तुमेलोंची नजर आता पोचत नव्हती. बस धूळ उडवत, जिथे पुढची बस धरायची त्या महालाप्येच्या रस्त्याला लागली, दिसेनाशी झाली, आणि बाकावर पुढच्या बसची माणसं येऊन बसली, तरी केनोसी तिथेच उभे होते. परत जा म्हटलं होतं, तेवढंही त्यांना जमत नव्हतं.