ज्येष्ठेवर जन्मलेली

भासरे भोवळ येऊन धानाच्या बांधीत, शेतातल्या पाण्यात, तोंडावर पडले होते आणि मी चार हात लांब उभी राहून ओरडत होते. पाणी पोटरीइतकंच. कोणी नुसती त्यांची मान वर केली असती तरी माणूस वाचला असता. रोवणीच्या बाया तलावाच्या पाळीपलीकडे जेवायला गेल्या होत्या. जवळ मी एकटी.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्याची बायको भासऱ्याला शिवत नाही. त्यात मी ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलेली. अशी सून भासऱ्याला खाते म्हणतात. लग्नाआधी शांती केली, तरी सासूने मला त्यांचं ताट कधी वाढू दिलं नाही. सासू गेल्यावर जावेने तेच चालवलं. चाळीस वर्षं मी त्यांच्या वाटेतून बाजूला होत आले. त्या दिवशीही पाय पुढे गेला नाही. वाटलं, मी हात लावला की संपलंच. म्हणून पाळीकडे धावले.

बाया आल्या, त्यांच्यात जाऊही. तिने भासऱ्यांना उताणं केलं. नाकातोंडात चिखल. सानगडीहून दवाखान्याची गाडी येईपर्यंत अंग गार झालं होतं.

"अवं, उलटवाले काय झालं होतं तुले?" जाऊ माझ्यावर धावून आली. "माणूस मरून राहिला होता!"

"त्यायले मी कशी शिवू, बाई?"

"आग लाव त्या शिवण्याले!"

नियम तिचा होता, पण नवराही तिचाच होता.

यंदा उन्हाळ्यात जेवणं झाल्यावर नातीने अंगणातून दक्षिणेकडे बोट केलं. मोबाइलमध्ये पाहून सांगत होती.

"तो लालसर तारा पाय, आजी. ज्येष्ठा. म्हणजे थोरली."

"कोणाची थोरली?"

"पक्कं कोणालेच मालूम नाही. लई जुनं नाव ज्येष्ठघ्नी होतं म्हणते. म्हणजे थोरल्याले..."

"थांबली काहून? वाच."

"मारणारी." मग घाईघाईने म्हणाली, "खोटं असते हे सारं, आजी. हो ना?"

खोटं म्हणावं, तर मी एका माणसाला उगाच मरू दिलं. खरं म्हणावं, तर मीच मारलं. नात माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी खाट झटकली आणि आडवी झाले.

भासरे गेले. तो नियम पाळणाऱ्या आम्ही दोघी, जाऊ आणि मी, अजून आहोत.