कोर्ट उठेपर्यंत

"प्यायला होतास का?" असं आमच्या वकीलबाईंनी कधीच कुणाला विचारलं नाही. पोलिसांचा कागद वाचून झाला, की चष्मा कपाळावर सरकवून त्या एवढंच म्हणायच्या, "किती?" रिक्षावाला असो, बँकेतला कारकून असो, की वरातीत वाजवून परतणारा बँडवाला, "नाही हो बाई, नुसता वास..." असं म्हणायला उघडलेलं तोंड त्या एका शब्दापुढे मिटायचं आणि मग खरा आकडा बाहेर यायचा. मीही सांगितला. "चार ग्लास."

वसईच्या कोर्टाजवळ एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. राहायच्या गिरीजला, सासरच्या वाडीत. येताना पिशवीतून घरची केळी आणायच्या आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला बोलण्याआधी एक खायला लावायच्या. "रिकाम्या पोटी माणूस घाबरतो, आणि घाबरला की खोटं बोलतो," हे त्यांचं ठाम मत. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसेस बाकीचे वकील किरकोळ म्हणून ज्युनियरवर ढकलत. बाई स्वतः उभ्या राहायच्या. उलटतपासणीत हवालदाराची टिंगल मात्र त्यांनी कधी केली नाही. "तोही बिचारा सकाळपासून रस्त्यावर उभा असतो," म्हणायच्या.

माझी गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी राजापूरकडचा, इथे एका कारखान्याची कामगारांची बस चालवायचो. मुलगी सहा महिन्यांची होती. एका रविवारी जूचंद्रला मित्राच्या साखरपुड्याला गेलो, जेवणाआधी चौघांत बसलो आणि भर दुपारी स्कूटर काढली. गावाबाहेरच्या वळणावर समोरून सायकलवर एक म्हातारा येत होता, मिठागरात काम करणारा. मला तो स्पष्ट दिसला होता. माझा हात मात्र वेळेवर वळला नाही, स्कूटर त्याच्यावर आदळली. त्याचा उजवा हात मोडला. लोकांनी मला धरून ठेवलं, पोलिसांनी दवाखान्यात नेऊन रक्त घेतलं.

काही महिन्यांनी आरोपपत्र आलं. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि मला बोलावून घेतलं.

"विलास, रक्ताच्या बाटलीवर एक नंबर आहे आणि तपासणीच्या अहवालावर दुसरा. कुणा कारकुनाची चूक. पण हे रक्त तुझंच, हे आता सरकारला सिद्ध करता येणार नाही. दारूचा आरोप पडला, की अपघाताचाही लंगडा होतो. तू सुटशील."

मला रडूच फुटलं. नोकरी वाचली होती. "मग लढायचं ना, बाई?"

"तू सांगशील तर जीव तोडून लढेन. फट दाखवणं माझं कामच आहे. तारखेला आठवडा आहे, विचार करून सांग."

एवढं बोलून त्यांनी पुढची फाईल ओढली. मी जिना उतरत होतो, तेव्हा मात्र वरून हाक आली, "त्या म्हाताऱ्याचा हात कसा आहे रे?"

मला माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत मी चौकशीच केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जूचंद्रला गेलो. म्हातारा पडवीत बसला होता. हात बरा झाला होता, पण कोपरातून सरळ होत नव्हता. त्याने मला लगेच ओळखलं.

"कोनी पाठवला तुला? वकिलानं?"

"नाही. मीच आलो."

त्याने मला समोर बसायची खूण केली. मग आत वळून म्हणाला, "पानी आन गं." मी पाणी प्यायलो. तो म्हणाला, "मिठाचा हंगाम गेला माझा. लोक बोलतात, तू सुटशील." हे त्याने पावसापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. मला तिथे बसवेना.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती मुलीला भरवत होती. म्हणाली, "नोकरी गेली तर दुसरी बघू. पण तुम्ही असे खाली मान घालून किती दिवस जेवणार?"

आठवड्याने मी बाईंना म्हणालो, "गुन्हा कबूल करायचाय." त्यांनी लगेच मान हलवली नाही. "नोकरी जाईल. लायसन्स काही महिने तरी जाईल. तुरुंगही होऊ शकतो, मी हमी देणार नाही. तरी?" मी म्हटलं, "तरी."

कोर्टात बाईंनी लांबलचक भाषण केलं नाही. माझी परवानगी आधीच घेतली होती. त्यांनी दोन्ही नंबर न्यायाधीशांना दाखवले आणि म्हणाल्या, "साहेब, सुटायची ही वाट मी याला दाखवली होती. ती न धरता तो आपल्यासमोर उभा आहे. मला इतकंच सांगायचंय."

शिक्षा झाली ती दंड, त्यातून म्हाताऱ्याला भरपाई, सहा महिने लायसन्स बंद आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत तिथेच, मागच्या बाकावर बसून राहायचं. येणारा जाणारा बघून जायचा. मी मान खाली घालून बसलो, आणि थोड्या वेळाने शेजारी कुणीतरी येऊन बसलं. बाई होत्या. काळा कोट तसाच अंगात.

"बाई, तुम्ही जा. तुमची कामं असतील."

"माझा माणूस शिक्षा भोगतोय, मी जाऊन काय करू?" त्या हळूच म्हणाल्या. "आणि मान वर कर. लपवायचं आता काही उरलेलं नाही तुझ्याकडे."

संध्याकाळी न्यायाधीश उठले, तेव्हाच त्याही उठल्या.

नोकरी गेलीच. लायसन्स परत मिळेपर्यंत मी बाईंच्या वाडीत केळीचे घड उतरवले. मग एका भाजीच्या व्यापाऱ्याला टेम्पोसाठी ड्रायव्हर हवा होता, त्याला त्यांनी चिठ्ठी दिली. ‘हा माणूस एकदा चुकला आहे आणि ते त्याने कोर्टात सांगितलं आहे. तुमच्याकडच्या इतर ड्रायव्हरांचं मला माहीत नाही.’ व्यापारी हसला आणि किल्ली माझ्या हातात दिली. दारू तेव्हापासून बंद. पुढे कर्ज काढून स्वतःची गाडी घेतली, तेव्हा पूजेला बाई आल्या होत्या.

काही वर्षांनी त्यांची नजर अधू झाली. कागद वाचता येईनात, म्हणून त्यांनी वकिली सोडली आणि नाशिकला लेकीकडे जायचं ठरवलं. निरोप आला, "विलासची गाडी सांगा." सकाळी आधी राजोडीच्या किनाऱ्यावर न्यायला लावलं. तिथे सुरूच्या झाडांखाली थोडा वेळ बसल्या. मग गाडीत माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या आणि चिंचोटीचा फाटा यायच्या आत त्यांना झोप लागली. मान माझ्याकडे कलली होती. मी सगळा रस्ता गाडी बेताने चालवली. मागचे ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते.

नाशिकला पोचायला दुपार टळून गेली. काळजीने लेक फाटकातच उभी होती. "एवढा उशीर?" असं म्हणत तिने गाडीचं दार उघडलं आणि आईकडे बघून थबकली.

"झोपलीय?" ती कुजबुजली. "अहो, आई कुणाच्याच गाडीत डोळा मिटत नाही."