हाकेच्या अंतरावर

निघताना मुलाने मोबाइलवर नकाशा दाखवला. नागपूरपासून पुण्यापर्यंत एक निळी कमानदार रेघ आणि खाली लिहिलेलं, विमानाने दीड तास. "बाबा, आता आपण हाकेच्या अंतरावर आहोत," तो म्हणाला.

मला त्या रेघेचा भरवसा वाटत नाही. रेल्वेने जाताना अकोला लागतं, समोरचं कुणीतरी डबा उघडून "घ्या ना" म्हणतं. या रेघेत वाटेवर काहीच लागत नाही. रात्रभर गाडीत अंग आंबवून यायचा, तेव्हा हा आठ-आठ दिवस राहायचा. आता सकाळी येतो आणि बॅगेची चेनही न उघडता संध्याकाळी परत. हा दीड तास येण्यासाठी नाही, जाण्यासाठी शोधलाय, असा मला दाट संशय आहे.

त्याची रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. मी गॅलरीतून इकडेतिकडे बघितलं आणि हाक मारली, "सुहास!"

शेजारच्या वहिनी खिडकीत आल्या. "काय झालं भाऊजी? कोणाला बोलावून राहिले?"

"कोणाला नाही," मी म्हणालो. "अंतर बघत होतो."