ओल्या फडक्याखालची आई

गल्लीत त्यांना मुंडकेवाले म्हणत. गेलेल्या माणसांचे अर्धपुतळे चाळीस वर्षं करणाऱ्याला दुसरं म्हणायचं तरी काय? लोक फोटो आणून देत, ते मातीत डोकं घडवत आणि त्यावरून प्लास्टरचा साचा काढत. साचा काढताना आतली माती मोडते. ती कोपऱ्यातल्या हौदात जाई, पुढच्या डोक्यासाठी. "या हौदात एक हेडमास्तर, दोन डॉक्टर आणि तीन वकील गुण्यागोविंदाने नांदतायत," असं गिऱ्हाइकाला सांगायची त्यांना खोड होती. गिऱ्हाईक हसत नसे.

काम अडलं की ते स्वतःचा चेहरा चाचपत. गालाचं हाड कुठे बसतं, कान कुठून सुटतो, हे बोटांना विचारायचं नि मातीत उतरवायचं. त्यामुळे तोंड कायम बरबटलेलं. "जेवायला नवरा आलाय की पुतळा?" असं बायको विचारायची.

हौदात न गेलेलं एकच डोकं होतं, तिचं. ती असताना, समोर बसवून केलेलं. "नाक जरा बरं करा, निदान मातीत तरी," ती म्हणाली होती. साचा राहून गेला आणि तीही गेली. मग हात धजेना. साचा काढायचा म्हणजे तिची माती मोडायची, आणि वाळू द्यावी तर तडे जाणार. म्हणून नऊ वर्षं रोज सकाळी फडकं भिजवून डोक्याला गुंडाळायचं. पाण्याने आज भुवई बसे, उद्या ओठाची कड झिजे. ते ती बोटाने परत उभी करत. तोंडपाठ चेहरा, त्याला फोटो कशाला हवा?

यंदा हात कापू लागले, तेव्हा मुलगी आली.

"बाबा, आज साचा काढायचाच. तुमच्यामागे हिला कोण भिजवणार? मला आई घरी न्यायचीय."

"बघू."

"नऊ वर्षं बघताय."

तिने फडकं सोडलं आणि डोकं उजेडाकडे वळवलं.

"बाबा, हे तुम्ही आहात."

"खुळी की काय तू?"

"कान बघा. नाक बघा. मिशी तेवढी लावायची राहिलीय."

तिने पर्समधून आईचा फोटो काढून डोक्याशेजारी धरला. म्हातारा कधी इकडे बघे, कधी तिकडे. गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर फोटोची राखण होती. बायकोवर नव्हती. तिथे अडलं की बोटं आपल्याच गालाला विचारत आली होती, रोज थोडं थोडं.

"ही कोण?" त्यांनी फोटोकडे बोट दाखवून विचारलं. थट्टा नव्हती ती. थट्टा करताना त्यांचा डावा डोळा बारीक होई, तो आज नीट उघडा होता.

मुलीने फोटो खाली केला.

मग त्यांनीच डोकं उचललं, दोन्ही अंगठे गालांत रुतवले आणि हौदात सोडलं. वकिलांच्या शेजारी. हौदातून मातीचा नवा गोळा काढून फळीवर आपटला.

"बस समोर. हनुवटी आईची आहे तुला, असं लोक म्हणायचे."

ती बसली. ओली बोटं तिच्या हनुवटीवरून फिरली, थबकली, आणि सवयीने स्वतःच्या हनुवटीकडे वळली.

मुलीने मनगट धरलं. सोडलं नाही.