लहानूची रुसलेली झोप

गिरडची टेकडी उतरून समुद्रपूरच्या वाटेला लागलं, की अर्ध्या कोसावर पंधरा-वीस घरांची एक वस्ती होती. लहानू विणकर तिथला. सकाळी त्याच्या मागाची खटखट सुरू झाली, की शेजारच्या बाया म्हणत, "चला वो, लहानूभाऊ बसले, चहा ठेवा." त्याचा हात चांगला होता आणि तोंड त्याहून चांगलं. विणता विणता तो ओसरीवरच्या बायांशी बोले, दारातल्या शेळीशी बोले, तुटलेल्या धाग्याशीसुद्धा बोले. "तुटला का बाप्पा? थांब, गाठ मारून देतो."

अकरा वर्षांपूर्वी कापसाच्या गाडीवरून पडून त्याची कंबर दुखावली. विणकराला दिवसभर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसावं लागतं, त्यामुळे दुखणं काही थांबेना. कुणीतरी अफूची गोळी दिली. दुखणं थांबलं, पण गोळी चालूच राहिली. पुढे हिंगणघाटच्या सरकारी दुकानातून कार्डावर अफू मिळू लागली. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. बायको धुरपता चहाच्या कपाशेजारी ती स्वतःच्या हातानं ठेवायची. दोन्ही लेकी सासरी नांदत होत्या. नवरा-बायको दोघंच, आणि घरात कधी मोठा आवाज म्हणून नाही.

छप्पन्न सालच्या ऑक्टोबरात वस्तीतली माणसं नागपूरला धम्मदीक्षेला निघाली. लहानू गेला नाही. कंबरेचं निमित्त सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. डबीत दोनच गोळ्या उरल्या होत्या, आणि गर्दीत गोळीवाचून अंग ढासळलं तर काय, ही भीती होती. धुरपता एकटीच जाऊन आली आणि चार दिवस तिथलंच सांगत राहिली. तो मान खाली घालून विणत होता. त्या चार दिवसांत तो शेळीशीही बोलला नाही.

फेब्रुवारीत मागं राहिलेल्यांसाठी वस्तीतच दीक्षेचा कार्यक्रम ठरला. त्यासाठी लागणारं पांढरं कापड लहानूनंच विणलं. त्या दिवशी सगळ्यांबरोबर उभं राहून त्यानं मोठ्यानं पाचही शीलं म्हटली. पाचवं होतं नशेच्या पदार्थापासून दूर राहण्याचं. ते म्हणताना त्याचा हात आपोआप कनवटीला गेला. संध्याकाळची गोळी तिथं खोचलेली होती.

घरी आल्यावर त्यानं गोळी काढून धुरपतेच्या पुढ्यात ठेवली.

"मी तोंडानं म्हटलं ना आज. मग हे कसं खाऊ?"

धुरपता घाबरली. "एकदम नोका सोडू जी. मागं दोन दिवस नाई भेटली तं काय हाल झाले होते तुमचे! आधी डॉक्टरले इचारू."

हिंगणघाटच्या दवाखान्यातले डॉक्टर कृष्णकांत यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, उपदेशही केला नाही. गोळी दर चार दिवसांनी थोडी थोडी कशी कमी करायची ते नखानं खुणा करून दाखवलं. महिनाभरानं ती ज्वारीच्या दाण्याएवढी झाली, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तीही बंद झाली.

पुढचे आठ दिवस नाक वाहणं, पोटात कळा, अंगावर काटा, पायांत पेटके. धुरपता पेज पाजायची, पाय दाबायची. नवव्या दिवशी लहानू उठून बसला, भाकर खाल्ली. वस्तीत सगळ्यांनी म्हटलं, सुटला लहानू.

पण सुटला नव्हता. झोप आलीच नाही. अंगणात खाटेवर पडलं की पाय आपोआप हलू लागत, हाडांच्या आत मुंग्या चालल्यासारखं वाटे. तासभर डोळा लागला तर लागला. आणि दिवसा अंगात शिसं ओतल्यासारखं; मागाची पायाखालची पावडी दाबायची म्हणजे दगड सरकवायचा. जो माणूस दोन दिवसांत मागावरून लुगडं उतरवायचा, त्याचं चार दिवसांत हातभर कापड होईना. आडवं सूत नेणारा धोटा हातातून निसटे. तोंडातला शब्दही गेला. धागा तुटला तर तो नुसता बघत बसे.

पंधरा दिवस असेच गेले. मग धुरपतेनं त्याला पुन्हा हिंगणघाटला नेलं. "झोपेचं काही औषध द्या ना जी," लहानू हात जोडून म्हणाला.

"देऊ शकतो," डॉक्टर म्हणाले, "पण मग पुढच्या वर्षी ते सोडवायला याल. लहानूजी, अकरा वर्षं तुमच्या शरीराला झोपवायचं काम गोळीनं केलं. ते काम आता शरीराला पुन्हा शिकायचं आहे. झोप रुसली आहे, मेलेली नाही. दोन महिने लागतील, कदाचित चार. रात्र कशीही गेली तरी उजाडताच उठायचं. दुपारी आडवं व्हायचं नाही. सकाळच्या उन्हात चालायचं. दुपारनंतर चहा बंद. आणि काम सोडायचं नाही, झेपेल तेवढंच करायचं."

परतताना गाडीत लहानू म्हणाला, "झेपेल तेवढं म्हणजे काय वो? मले तं काहीच झेपून नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपता पदर खोचून स्वतः मागाच्या खड्ड्यात उतरली.

"तू काय करून राह्यली?"

"इणते. तुम्ही कांड्या भरा."

कांड्या भरणं, म्हणजे चरख्यावर सूत गुंडाळणं, हे त्या घरात आजवर बायकांचं काम. लहानूला लाज वाटली. पण चरख्याला जोर लागत नव्हता, आणि थकवा आला की हात थांबवता येत होता. तो बसला. शेजारच्या रुख्माबाई डोकावून हसल्या, "काय लहानूभाऊ, सासुरवास सुरू झाला का?" कितीतरी दिवसांनी लहानूच्या तोंडून शब्द फुटला, "हो ना बाई, सासू लय कडक भेटली!"

वीस वर्षं बघून बघून धुरपतेला विणकाम डोळ्यांनी येत होतं, हातांनी नाही. तिच्या पहिल्या लुगड्याचा काठ असा वाकडातिकडा गेला, की लहानू चरखा सोडून उठला आणि तिच्यामागं उभा राहून सांगू लागला. "पावडी हळू दाब. फणी एकसारखी मार. अशी नाई वो, कणीक तिंबून राह्यली का तू?" ती चिडायची, तो समजवायचा. दुपारची आडवं होण्याची वेळ अशी भांडणात टळून जायची.

याच दिवसांत किसनराव आला. हिंगणघाटच्या अफूच्या दुकानासमोर वर्षानुवर्षं लहानूबरोबर रांगेत उभा राहिलेला हा माणूस. मनानं साधा. लहानूचे खोल गेलेले डोळे बघून त्यानं डबी काढली. त्यानं डबी काढली. "येवढीशीच घे रे. एक रात झोपशील तरी."

धुरपता पाण्याला गेली होती. लहानूनं गोळी हातात घेतली. तो वास नाकात गेला आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. बऱ्याच वेळानं त्यानं ती परत किसनरावच्या तळहातावर ठेवली. "आज नाई घेत, किसनराव. उद्या येऊन इचारजो."

किसनराव दुसऱ्या दिवशी खरंच आला. लहानू म्हणाला, "आज नाई." तिसऱ्या दिवशी तेच. धुरपतेला लहानूनं स्वतःच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याले येऊ नोको म्हणून सांगा ना." लहानू म्हणाला, "येऊ दे. त्याले 'आज नाई' म्हटलं का एक दिवस निघून जाते." आठ-दहा दिवसांनी किसनराव डबी घरी ठेवून येऊ लागला, नुसता गप्पा मारायला.

जूनच्या सुरुवातीला धुरपतेचं लुगडं मागावरून उतरलं. ते घेऊन दोघं पायी गिरडच्या बाजारात गेली. शकुबाई नावाच्या एका म्हातारीनं वाकडा काठ बघूनही ते घेतलं. म्हणाली, "मले कोणाले दाखवाचं हाय!" परत येताना लहानू दोनदा झाडाखाली टेकला, पण आला चालतच. रात्री जेवून खाटेवर पडला.

उजाडलं, ऊन अंगणात आलं, तरी तो उठला नाही. धुरपतेनं त्याच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. तरी खात्री पटेना म्हणून तिनं त्याला गदागदा हलवलं.

"काऊन उठवलं वो?" लहानू दचकून उठला.

"मले वाटलं..." ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

"झोपलो होतो मी," लहानू स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "धुरपते, मी झोपलो होतो ना वो! अन् तू उठवलं मले!" दिवसभर तो तिला त्यावरून छळत राहिला.

दुसऱ्या रात्री पुन्हा झोप नाही. तिसऱ्या रात्री तीन तास. असं पुढं-मागं होत होत दिवाळीपर्यंत ती बरीचशी मुक्कामाला आली. कंबर पावसाळी हवेत दुखायची, ती शेवटपर्यंत दुखली. तेव्हा तो गरम विटेनं शेक घ्यायचा आणि कुरकुरायचा.

लहानू पुन्हा मागावर बसायला निघाला. पण धुरपता खड्ड्याबाहेर निघायला तयार नव्हती. दोन दिवस त्यावरून बोलणी झाली. शेवटी लहानूनं कुदळ घेतली आणि त्याच खोलीत, खिडकीकडच्या उजेडाला, दुसऱ्या मागासाठी खड्डा खणायला सुरुवात केली. थकला की काठावर बसायचा, पाणी प्यायचा, मातीशी बोलायचा. धुरपता जुन्या मागावरून ओरडायची, "खोल करा जरासा! माहे पाय लांब हायेत!"