सगळ्या बाह्या डाव्या

औरंगपुऱ्यातल्या ब्लाऊजच्या दुकानात मी बावीस वर्षं कटाई केली. मग संधिवातानं बोटं वाकली, कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. शेठनं नवा मास्तर आणला आणि त्याच्या सांगण्यावरून मला हुक-काजाला बसवलं. कात्री न धरवणारीच्या हातात सुई! मी कंटाळून घरी बसावं म्हणून. मी बसले नाही.

सायकलवाल्याकडून मी माझ्या कात्रीचं खालचं कडं फळीला बोल्टनं आवळून घेतलं. वरच्या कड्याला जुन्या ट्यूबचा पट्टा, मधे स्प्रिंग. पट्ट्यात तळहात घालून दाबायचं. सोडलं की कात्री आपसूक उघडते. दुसऱ्या मनगटानं कापड सरकवायचं. महिनाभर घरी जुन्या चादरी कापल्या, मग फळी दुकानात नेली.

"मावशी, अडकित्ता आणला व्हय?" मास्तर म्हणाला. "शेठ, आता सुपारीचं दुकान टाका!"

शिलाईच्या पोरी हसल्या, शेठही हसला. मास्तरनं माझी फळी टेबलावरून उचलून चिंध्यांच्या पोत्यावर टाकली. "कटाईचं टेबल माझं आहे."

पुढं एका भजनी मंडळाचे आठ ब्लाऊज आले, सगळे एकाच खणाचे. खणाला सुलट-उलट बाजू असते. बाहीचा काखेकडचा गोल पुढून खोल, मागून उथळ. म्हणून कापड तोंडाला तोंड, सुलटीवर सुलट लावून घालायचं, तरच डावी-उजवी निघते. मास्तर फोनवर बोलत सगळे थर सुलटेच घालत गेला. मी समोर हुक लावत होते. एक शब्द बोलले असते तर थांबला असता. नाही बोलले. सगळ्या बाह्या डाव्या निघाल्या.

शेठनं डोकं धरलं. तसला खण परत मिळत नव्हता. मी उरलेले तुकडे चाचपले.

"जोड देऊन उजव्या निघतील. मी कापते. पण ह्या टेबलावर, माझ्या फळीवर. अन् फळी मास्तरनं ठोकायची."

"लई झालं हं मावशी," मास्तर म्हणाला.

"ठोक," शेठ म्हणाला.

तो वाकला. स्क्रू पिळता पिळता हळूच म्हणाला, "तुम्हाला दिसत व्हतं ना?"

"दिसत व्हतं. आवळ नीट, हालायला नको."

त्या बायकांच्या काखेत जोड आले, त्याचं वाईट वाटलं. मास्तरचं अजूनही वाटत नाही.